गोंडीला संकेतांक मिळाला, पुस्तक कधी मिळणार?

जून २०१७ मध्ये युनिकोडची दहावी आवृत्ती आली. तिच्यात बिटकॉइनचं चिन्ह होतं, ५६ नव्या इमोजी होत्या आणि मसराम गोंडी लिपीची ७५ चिन्हंही होती. वर्षभराने, जून २०१८ मध्ये, अकराव्या आवृत्तीत गुंजाला गोंडी लिपीची ६३ चिन्हं आली. २०११च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली होती. म्हणजे या भाषेकडे आज दोन स्वतंत्र लिप्या आहेत आणि दोन्हींसाठी संगणकांच्या जगात कायमची जागा राखून ठेवलेली आहे.

तरीही चंद्रपूर-गडचिरोलीत गोंडीत जे लिहिलं जातं, मग ती गाण्यांची वही असो, कार्यक्रमाचं पत्रक असो की मोबाइलवरचा निरोप, ते बहुतेक वेळा देवनागरीत असतं. असं का? "लोकांना स्वतःची लिपी येत नाही" हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवटही. संशोधनाला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी हा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो, कारण त्यात एक सापळा आहे. एखादी तांत्रिक सोय उपलब्ध झाली की ती वापरात आली असं आपण धरून चालतो. इतिहासात हे दोन वेगळे दिवस असतात आणि कधी कधी त्यांच्यात शंभर वर्षांचं अंतर असतं.

या लेखात मला एवढंच दाखवायचं आहे: गोंडीच्या छापील आणि डिजिटल इतिहासात प्रत्येक टप्प्यावर "कोणती लिपी" याचं उत्तर कुणीतरी दिलेलं दिसतं, पण "वाचणार कोण आणि ठरवणार कोण" हा प्रश्न मागे राहिलेला दिसतो. भाषेचं पुढे काय होणार हे याच प्रश्नावर अवलंबून आहे.

आधी कुणी छापलं?

गोंडी छापली गेली ती आधी दुसऱ्यांसाठी. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होते. त्यांनी परधान गायकाकडून लिंगोचं गीत मिळवून उतरवून घेतलं. १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला आणि त्यांचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणले. पुढे ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये आला. मुंडा आणि द्राविडी भाषांच्या त्या खंडात गोंडीचे नमुने आहेत. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण वाचणारा कोण होता? इंग्रजी जाणणारा अधिकारी, मिशनरी, अभ्यासक. ज्याच्या तोंडून गीत आलं त्याच्या हातात ते पुस्तक पडणं अवघडच होतं, आणि पडलं असतं तरी त्याला ते वाचता आलं नसतं.

दुसरा टप्पा निजामाच्या राज्यातला. १९४० मध्ये जोडेघाटला कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास सोपवला. १९४३ मध्ये मारलावाई गावी गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं आणि गोंडी वाचनपुस्तकं तयार झाली. ती देवनागरीत होती. राज्य निजामाचं, कारभार उर्दूत, आज तो भाग तेलुगू राज्यात, मग देवनागरी का? कारण त्या भागातल्या गोंडांचा बाजाराचा, सावकाराचा आणि शेजाऱ्याचा व्यवहार मराठीशी होता. इथे पहिल्यांदा वाचक म्हणून खुद्द गोंड मूल समोर ठेवलेलं दिसतं.

आपल्या ओळखीचं आणखी एक नाव याच भागाशी जोडलेलं आहे. शिवकाळाचे इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते. आदिलाबादेत काम करताना ते गोंडी शिकले, गोंडांवर पुस्तक लिहिलं आणि गोंडीचं व्याकरणही लिहिलं. मराठीच्या विद्यार्थ्यांना पगडींची ही बाजू क्वचितच शिकवली जाते.

भूगोलाची एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे ती लागेल. आजचा राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आला. गडचिरोली तर १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यामुळे "महाराष्ट्रातली गोंडी" असा विषय घेऊन नकाशावर रेघ मारली की अर्धा पुरावा रेघेपलीकडे राहतो.

दोन लिप्या, दोन वाटा

मसराम गोंडी लिपी १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तयार केली. ती एका माणसाची निर्मिती आहे. तिच्या अक्षरांचे आकार शेजारच्या कोणत्याही एका लिपीवरून सरळ उचललेले नाहीत, पण स्वर-व्यंजन-मात्रा ही रचना भारतीय लिप्यांचीच आहे.

गुंजाला गोंडीची गोष्ट वेगळी. आदिलाबाद जिल्ह्याच्या नारनूर मंडलात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, गुंजाला नावाचं गाव आहे. तिथे या लिपीतली हस्तलिखितं होती. हैदराबाद विद्यापीठाचे जयधीर तिरुमलराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अभ्यासकांसमोर आणली. त्यातली काही १७५०च्या आसपासची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मजकुरात चंद्रपूरच्या गोंड राजांचे आणि रामजी गोंडाच्या उठावाचे उल्लेख आहेत. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचे काही कागद आपल्याला वाचता न येणाऱ्या लिपीत, सीमेपलीकडच्या गावात जपलेले होते.

युनिकोडच्या कोष्टकात गुंजाला गोंडीची व्यंजनं "क"ने सुरू होत नाहीत. य, व, ब, भ, म आणि मग क, ख असा क्रम आहे. आपल्याला क-ख-ग-घ हा निसर्गनियम वाटतो. इथे मात्र या लिपीचा स्वतःचा क्रम तसाच ठेवला गेला. बाहेरच्या सोयीपेक्षा वापरणाऱ्यांची रीत वरचढ ठरली असे क्षण या इतिहासात फार नाहीत, म्हणून हा नोंदवण्यासारखा.

खिळे नव्हते म्हणून

आता मधला काळ बघू: १९५० ते २०००. मराठीत याच काळात अनियतकालिकांची चळवळ झाली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी १९५४च्या सुमारास "शब्द" काढलं तेव्हा हाताशी होतं ते सायक्लोस्टाइल यंत्र. प्रस्थापित मासिकं छापत नाहीत तर आपण छापू, ही हिंमत त्यांची होतीच. पण त्या हिमतीखाली एक तयार पायाही होता. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकातच देवनागरीचे उत्तम खिळे घडवले होते. गल्लीबोळात जुळारी होते, मुद्रितं तपासणारे होते, वाचक होते, टपालाने अंक पाठवता येत होते. बंडखोर कवीलाही बंड करायला चालू छापखाना लागतो.

गोंडी लेखकाकडे हिंमत होती आणि विषयही होता, स्वतःच्या लिपीचे खिळे मात्र नव्हते. मसराम लिपीत पुस्तक काढायचं तर अक्षर हाताने लिहून त्याचा ठसा करून घ्यावा लागे. म्हणून गोंडी समाजाने जे स्वतंत्र प्रकाशन उभं केलं ते मुख्यतः देवनागरीत आणि बरंचसं मराठी-हिंदीत. १९७९ मध्ये पहिलं आदिवासी साहित्य संमेलन भरलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला. भुजंग मेश्राम यांनी कवितेत गोंडी शब्द मराठीच्या मांडीला मांडी लावून बसवले. व्यंकटेश आत्राम यांनी गोंडी संस्कृतीवर मराठीत लिहिलं. सुन्हेरसिंह ताराम यांनी "गोंडवाना दर्शन" हे मासिक वर्षानुवर्षं चालवलं.

आणि नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५). रिझर्व्ह बँकेत नोकरी करत त्यांनी गोंडी व्याकरण, शब्दकोश आणि धर्मपरंपरेवर पुस्तकं लिहिली आणि ती घरूनच प्रकाशित केली. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते हा त्यांचा दावा बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना मान्य नाही. तो दावा बाजूला ठेवूनही त्यांचं काम शिल्लक राहतं. पुस्तक विद्यापीठाने काढलं नाही तर स्वतः काढायचं आणि मेळाव्यात, जत्रेत, ओळखीच्या माणसांच्या हातून पोचवायचं, ही वितरणव्यवस्था त्यांनी आणि त्यांच्या पिढीने उभी केली. अशी पुस्तकं ग्रंथालयाच्या यादीत सापडतीलच असं नाही. ज्याला विसाव्या शतकातल्या गोंडी लेखनावर काम करायचं आहे त्याने कचारगडची यात्रा आणि तिथली पुस्तकांची दुकानं हेही आपलं दफ्तरखाना समजावं.

इथेच पुराव्याबद्दल एक उदाहरण देते. कोमराम भीमच्या कथेत सांगितलं जातं की तो पळून चंद्रपूरला आला आणि विठोबा नावाच्या छापखानेवाल्याने त्याला आसरा दिला. तो गुपचूप ब्रिटिशविरोधी आणि निजामविरोधी पत्रिका छापत असे आणि भीम तिथे लिहाय-वाचायला शिकला, असं कथा सांगते. विषयाला किती चपखल बसते! पण प्रबंधात ती "असं सांगितलं जातं" या शब्दांतच यायला हवी. तपासायची असेल तर वाट आहे. १८६७च्या मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक छापखानेवाल्याला दंडाधिकाऱ्यापुढे जाहीरनामा द्यावा लागे आणि प्रांतात छापलेल्या पुस्तकांच्या याद्या सरकार दर तिमाहीला काढत असे. गुप्त छापखाना त्या यादीत नसणार हे खरं, पण त्याच चालकाचा उघड छापखाना असला तर तो सापडू शकतो. कथा खोटी ठरवायची घाई नको आणि खरी मानायचीही नको. तिने दाखवलेल्या दिशेला कागद शोधायचे.

आकड्याने नेमकं काय होतं?

आता थोडं विज्ञान. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एक कायमचा आकडा देणारी यादी. "क"चा आकडा २३२५. मसराम गोंडीचा भाग ७२९६० पासून सुरू होतो आणि गुंजाला गोंडीचा ७३०५६ पासून.

हे आकडे एवढे मोठे का, हा सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा आहे. युनिकोडच्या सुरुवातीच्या रचनेत ६५,५३५ पर्यंतचे आकडे पुरतील असं वाटलं होतं. देवनागरीला आतली जागा मिळाली, कारण तिच्यासाठी भारतात आधीच "इस्की" हे मानक तयार होतं आणि युनिकोडने त्याचाच आधार घेतला. राज्ययंत्रणेचं पाठबळ असलेल्या लिप्या आधी आल्या. उशिरा आलेल्यांना ६५,५३५च्या पलीकडची वस्ती मिळाली, जसं गावठाण भरल्यावर नवे प्लॉट रस्त्यापलीकडे पडतात.

रस्त्यापलीकडे राहण्याची किंमत असते. यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन आणि या दोन्ही गोंडी लिप्यांना चार. "मायएसक्यूएल" या जगभर वापरल्या जाणाऱ्या माहितीकोशात "यूटीएफ-८" नावाचा जो पर्याय होता तो तीन बाइटांवरच थांबत असे. चार बाइटांचा वेगळा पर्याय २०१० मध्ये आला आणि २०१८ पर्यंत तो आपोआप लागू होत नव्हता. म्हणजे जुन्या पद्धतीने उभारलेल्या संकेतस्थळावर देवनागरी गोंडी व्यवस्थित साठवली जाई, मसराम गोंडी मात्र चुकीचा संदेश देई किंवा तुटून जाई. कुणी मुद्दाम गोंडीला अडवलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच ती नव्हती, आणि जंगलातल्या जिल्ह्यांचा अनुभव असा आहे की डोक्यात नसणं हेही अडवण्याइतकंच पुरेसं होतं.

मग दुरुस्ती कशामुळे झाली? बहुतांशी इमोजींमुळे. हसऱ्या चेहऱ्याचा आकडा १२८५१२, म्हणजे तोही रस्त्यापलीकडच्याच वस्तीतला. करोडो लोकांना मोबाइलवरून हसरा चेहरा पाठवायचा होता म्हणून कंपन्यांनी चार बाइटांचा रस्ता नीट केला आणि त्याच रस्त्याने गोंडीचीही सोय झाली. पायाभूत सुविधांच्या इतिहासात असं वारंवार होतं: गर्दीसाठी रस्ता होतो आणि आडवाटेच्या माणसाला तो आयता मिळतो. पण अशा रस्त्यावर त्याचा हक्क नसतो.

आकडा मिळाल्यावरही तीन गोष्टी उरतात. एक, फाँट. तो नसला तर अक्षराजागी चौकोनी डबे दिसतात. गूगलच्या "नोटो" मालिकेत दोन्ही लिप्यांचे फाँट आहेत. दोन, कीबोर्ड. तो मोबाइलमध्ये आधीपासून नसला आणि वेगळा शोधून बसवावा लागला, तर बहुतेक माणसं देवनागरीकडेच वळतात. तीन, भाषेचा संकेत. यंत्राला लिपी कळली तरी भाषा कोणती हे वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी तीन अक्षरी संकेतांची आंतरराष्ट्रीय यादी आहे. तिच्यात पूर्वी "दक्षिण गोंडी" अशी एकच नोंद होती, नंतर तिचे "अहेरी गोंडी" आणि "आदिलाबाद गोंडी" असे दोन भाग झाले. माडियासाठी आणखी वेगळी नोंद. आपल्या अहेरीचं नाव जागतिक यादीत आहे याचं बरं वाटतं. पण अहेरीची आजी आणि राजुऱ्याची सून एकमेकींशी बोलताना भाषा बदलतात का, हे त्या यादीवरून कळणार नाही. त्यासाठी दोघींच्या अंगणातच जाऊन बसावं लागेल.

आवाजाची वाट

लिपीचा हा प्रवास चालू असताना मध्य भारतात दुसराच एक प्रयोग झाला, तो लिपीला वळसा घालणारा. पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये "सीजीनेट स्वर" सुरू केलं. यातलं "सीजी" म्हणजे सेंट्रल गोंडवाना. साधा मोबाइल पुरतो. ठराविक नंबर लावायचा, तो कट होतो आणि उलट कॉल येतो. एक दाबून आपली बातमी, तक्रार किंवा गाणं नोंदवायचं, दोन दाबून इतरांचं ऐकायचं. संपादक तपासून ते प्रसारित करतात. वाचता येत नसलं तरी प्रकाशक होता येतं. परधान गायक शतकानुशतकं जे करत होते त्याचा हा दूरचा भाऊच म्हणायचा.

आवाजाच्या वाटेवरही लवकरच तोच प्रश्न आला. छत्तीसगडची गोंडी तेलंगणात नीट कळेना. म्हणून २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतले गोंडीभाषक कार्यशाळांमध्ये एकत्र बसले आणि समान शब्दकोश करायला लागले. तो २०१८ मध्ये हंपीच्या कन्नड विद्यापीठाने प्रकाशित केला, देवनागरीत. त्याच सुमाराला मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मदतीने "आदिवासी रेडिओ" हे ॲप आलं. ते देवनागरीतली गोंडी मोठ्याने वाचून दाखवतं. प्रथम बुक्सच्या "स्टोरीवीव्हर" या खुल्या परवान्याच्या मंचासाठी मुलांच्या गोष्टी गोंडीत अनुवादित झाल्या. आणि २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने "आदि वाणी" हे अनुवादाचं साधन आणलं. सुरुवातीच्या भाषांत संथाली, भिली, मुंडारी यांच्यासोबत छत्तीसगडची गोंडी आहे.

आता काय पणाला लागलं आहे ते बघा. अनुवादयंत्र जी वाक्यं वाचून शिकतं तीच त्याच्या दृष्टीने "शुद्ध गोंडी" होते. उद्या एटापल्लीतल्या दवाखान्यात सूचना यंत्राने गोंडीत केली आणि ती छत्तीसगडच्या वळणाची निघाली, तर भामरागडहून आलेल्या माडिया आजोबांना ती परकी वाटेल आणि दोष त्यांच्या भाषेला लागेल. मराठीत हे आपण पाहिलं आहे. पुण्याची बोली पुस्तकात गेली आणि झाडीबोली बोलणाऱ्या पोराला शाळेत "नीट बोल" म्हणून ऐकावं लागलं.

ठरवणार कोण?

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ठराव करून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. घरात गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून मराठी पुस्तकासमोर बसवल्यावर काय होतं हे गावाला माहीत होतं. शिक्षण विभागाने शिक्षण हक्क कायद्याखाली मान्यतेचा मुद्दा काढून नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. गावाचा आधार दुहेरी आहे. पेसा कायदा (१९९६) ग्रामसभेला आपली परंपरा आणि संस्कृती जपण्याचा अधिकार देतो, आणि घटनेचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला राज्याला सांगतं.

मला ही शाळा प्रकाशनाच्या इतिहासातलीही घटना वाटते. पुस्तकाला वाचक लागतो आणि वाचक शाळेत घडतो. खिळे आले, फाँट आला, ॲप आलं, तरी वाचक घडवण्याची जागा गोंडीकडे नव्हती. ती जागा एका ग्रामसभेने मागितली.

त्याच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. "मावा नाटे मावा राज", म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, ही तिथली घोषणा सगळ्यांना माहीत असते. संशोधकांनी शिकावी अशी तिथली दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यासगट. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते, पण त्याआधी ज्यांना विषय समजून घ्यायचा आहे ते एकत्र बसून तो अभ्यासतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारतात. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवण्यामागे अशा अभ्यासाची वर्षं आहेत. म्हणजे गाव "माहिती देणारं" नाही, गाव स्वतः संशोधक आहे. आपण ध्वनिमुद्रक घेऊन जातो तेव्हा हे लक्षात असावं. गोळा केलेली वाक्यं कुठे साठणार, कोणत्या परवान्याखाली, त्यावरून उद्या कोण यंत्र शिकवणार, हे आपल्याला ग्रामसभेसमोर समजेल अशा भाषेत सांगता येतं का? येत नसेल तर आपली पद्धत अजून तयार झालेली नाही.

तुमच्यासाठी तीन कामाच्या गोष्टी

पहिली: युनिकोडचे प्रस्ताव हा ऐतिहासिक दस्तऐवज समजून वाचा. अंशुमन पांडे यांनी गोंडी लिपीसाठी २०१० पासून मांडलेले प्रस्ताव सगळ्यांना खुले आहेत. त्यांच्यासोबत एक छापील प्रश्नावली असते. त्यात विचारलेलं असतं की लिपी वापरणाऱ्या समाजाशी संपर्क केला का, कुणाशी केला, आणि त्या समाजाची संख्या, संगणकवापर आणि प्रकाशन यांची माहिती दिली का. भाषेच्या इतिहासात असा थेट प्रश्न नोंदवून ठेवलेली कागदपत्रं कमी असतात. नमुन्यादाखल कोणती पानं जोडली आहेत तेही बघा. कोणत्या वहीतून अक्षर यादीत गेलं ते तिथे कळतं.

दुसरी: "उपलब्ध", "वापरलेलं" आणि "वाचलेलं" या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा. प्रत्येकीचा पुरावा वेगळा असतो. पहिलीचा मानकांच्या कागदांत, दुसरीचा पत्रकं, वह्या आणि मोबाइलच्या संदेशांत, तिसरीचा माणसांशी बोलल्याशिवाय मिळत नाही.

तिसरी: देवनागरीतल्या गोंडीला कमी लेखू नका. स्वतःची लिपी हा स्वाभिमानाचा विषय आहे आणि असायलाच हवा. पण मारलावाईच्या वाचनपुस्तकांपासून हंपीच्या शब्दकोशापर्यंत गोंडीचं बरंचसं छापील आयुष्य उसन्या अक्षरांत गेलं आहे. ते वगळलं तर उसनी अक्षरं वापरून स्वतःचं म्हणणं मांडणाऱ्यांची दोन-तीन पिढ्यांची मेहनत वगळली जाते.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्या नावाच्या विद्यापीठातून, त्या भाषेत, त्या लिपीत लिहिलेला एखादा प्रबंध येईल तेव्हा ७२९६० या आकड्याचा खरा उपयोग सुरू होईल. तो कोण लिहील माहीत नाही. मोहगावच्या शाळेत आज अक्षरं गिरवणाऱ्या एखाद्या पोरीने लिहावा असं मला मनापासून वाटतं. तोवर आपल्यासारख्यांचं काम एवढंच, की ती संदर्भ शोधायला येईल तेव्हा जुने कागद जागेवर असावेत, त्यांवर कुणाचं नाव आहे ते स्पष्ट असावं आणि ते तिला विनापरवानगी, विनाशुल्क वाचता यावेत.